वहीत नसलेलं पाणी

१

एका आठवड्यात लिंबाच्या झाडाची एकशे बारा पानं गळली आणि त्यावरून एका माणसाला त्याच्या राहत्या घरातून हलवायचं ठरलं.

पानं मोजली होती त्या माणसानंच. त्याची सून ती पानं पिशवीत भरून माझ्या शेडवर आली तेव्हा सोमवारची सकाळ होती आणि मी एका कुजलेल्या रबराच्या झाडाशी झटापट करत होते. तीस वर्षं मी सरकारी बागेच्या रोपवाटिकेत आजारी झाडं बघितली. निवृत्त झाले तरी लोकांनी पाठ सोडली नाही. माझं नाव कुणाच्या लक्षात नाही, सगळे कुंडीबाई म्हणतात. बाई तोंडाने फटकळ आहे, हेही त्याच दमात सांगून टाकतात.

"झाड दाखवायचं असेल तर झाड आणायचं. पानं कसली आणताय?" मी म्हटलं.

"झाड नाही वाचलं तरी चालेल, बाई," ती म्हणाली. "सासरे वाचायला हवेत."

तिला बसायला स्टूल दिलं. तिने सांगितलं ते असं. सासरे चाळीस वर्षं एका दवाखान्यात कंपाउंडर होते, आता एकटे राहतात. सासूबाई नऊ महिन्यांपूर्वी, उन्हाळा लागता लागता गेल्या. लिंबाचं झाड त्यांचं. बावीस वर्षांपूर्वी त्यांनी बी रुजवून बाल्कनीतल्या कुंडीत वाढवलेलं. गेले दोन महिने ते पिवळं पडत चाललंय. सासरे सोमवारी आणि गुरुवारी मापाच्या ग्लासने दोनशे मिली पाणी घालतात आणि वहीत लिहितात. पण तिचा नवरा दर मंगळवारी वडिलांकडे जातो, तेव्हा कुंडीखालची ताटली पाण्याने भरलेली असते.

"ह्यांचं म्हणणं, बाबा पाणी घालतात, विसरतात आणि पुन्हा घालतात. आज पाणी विसरले, उद्या गॅस विसरतील. येत्या शनिवारी वृद्धाश्रमाच्या कागदांवर सही आहे, त्याच दिवशी त्यांना न्यायचं."

"आणि सासरे काय म्हणतात?"

"'मी विसरत नाही. वही बघा.' त्यापुढे एक शब्द नाही."

मी पिशवीत हात घातला. तहानलेल्या झाडाचं पान हातात कुरकुरतं. ही पानं मऊ होती, देठापासून पिवळी झालेली. झाडाला पाणी जास्तच होत होतं. म्हणजे मुलाचं खरं होतं, आणि वही खरी असेल तर वडिलांचंही खरं होतं. मी रबराचं झाड तिथेच ठेवलं आणि पायात चपला सरकवल्या.

२

दार कंपाउंडरांनीच उघडलं. किडकिडीत शरीर, इस्त्रीचा पूर्ण बाह्यांचा शर्ट, खिशाला पेन.

"झाड तपासा," ते म्हणाले. "मला तपासायला दोन डॉक्टर येऊन गेलेत."

मला माणूस आवडला. अशा वेळी मी जास्तच सावध होते.

बाल्कनीत जायला हॉलमधून एकच दार होतं. कुंडी दोन हातांत न मावणारी, बाल्कनीच्या आतल्या भिंतीला टेकलेली. त्या भिंतीत, झाडाच्या शेंड्याच्या जरा वर, झोपायच्या खोलीची गज लावलेली खिडकी होती. झाडाने मान टाकली होती. ते बघून सूनबाईंचा चेहरा उतरला.

"बाई, मला वाटलं याला तहान लागलीय. मागच्या महिन्यात मीपण दोनदा भांडंभर पाणी घातलं. कुणाला बोलले नाही."

"सगळे हेच करतात," मी म्हटलं. "जास्त पाण्याने मुळं कुजली की त्यांना पाणी ओढता येत नाही. झाड चिखलात उभं राहून सुकतं. आपण वरून बघतो, म्हणतो बिचारं तहानलंय, आणि आणखी ओततो. पण तुमच्या दोन भांड्यांनी एवढं होत नाही. ते मनातून काढा."

मातीत बोट घातलं. दुसऱ्या पेरापर्यंत गार, चिकट, आणि वास तुंबलेल्या मोरीसारखा. मग माती वरून नीट बघितली. तीन बाजूंना ती सारखी होती, झारीच्या बारीक धारांनी टोचल्यासारखी. चौथ्या बाजूला, भिंतीकडे, मुठीएवढा खड्डा पडला होता. त्यातले खडे धुऊन स्वच्छ झाले होते आणि खड्ड्याच्या काठावर हिरवंगार शेवाळ होतं. मी चमच्याने थोडं उकरलं. बाहेरच्या बाजूची मुळं पांढरी निघाली. भिंतीकडची काळपट होती आणि त्यांची साल चिमटीत निसटून येत होती.

मागे कंपाउंडर वही धरून उभे होते. पानापानावर एकाच वळणाचं अक्षर. सोमवार, सकाळी नऊ, दोनशे. गुरुवार, सकाळी नऊ, दोनशे. एकही वार चुकलेला नव्हता.

"आजचं घातलंत?"

"नऊ वाजता."

"आता मी सांगेपर्यंत घालू नका. मी बाल्कनीला कुलूप लावणार आहे. किल्ली माझ्याकडे राहील."

त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि उभ्याउभ्याच लिहिलं: पाणी बंद, बाईंच्या सांगण्यावरून. खाली तारीख घातली. विसरायला लागलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांचं अक्षर आधी विसरायला लागतं.

हात धुवायला मला आतल्या न्हाणीघरात जावं लागलं. वाट झोपायच्या खोलीतून होती. मोठा पलंग, त्याच्या अर्ध्या भागावरची चादर चुरगळलेली आणि खिडकीकडच्या अर्ध्या भागावरची ताठ. खिडकीजवळच्या तिवईवर चष्म्याचं घर, एक पालथा ग्लास आणि मण्यांची किनार विणलेल्या झाकणाखाली पाण्याने भरलेला काचेचा जग होता. कंपाउंडर माझ्यामागून आले, औषधाची वेळ झाली होती. त्यांनी पलंगाच्या आपल्या बाजूची स्टीलची बाटली उचलली, घोटभर पाण्याबरोबर गोळी गिळली आणि बाटली जागेवर ठेवली. मी हात पुसून बाहेर आले.

वरच्या मजल्यावरून धुण्याचं पाणी ठिबकतं अशी घरात काम करणाऱ्या मावशींची तक्रार होती. म्हणून बाल्कनीच्या वर मी प्लास्टिक ताणून बांधलं. माझा वजनाचा लटकता काटा आणला होता. मावशी आणि सूनबाई यांनी मिळून काट्याला अडकवलेली कुंडी उचलून धरली. चौदा किलो दोनशे. ताटली रिकामी करून कोरडी पुसली, दाराला कुलूप घातलं, किल्ली पर्समध्ये टाकली. पाणी मिळालं नाही तर दोन दिवसांत कुंडी निदान पाव किलोने हलकी व्हायला हवी होती.

३

जाताना मी स्वयंपाकघरात मावशींजवळ थांबले. त्या भांडी विसळत होत्या आणि माझ्याकडे पाठ करून बोलत होत्या.

"मी कशाला घालू पाणी? साहेब मला झाडाला बोट लावू देत नाहीत. गेलेल्या बाईंच्या बाजूचंही काही हलवू देत नाहीत. केर काढायचा आणि निघायचं."

"बाईंना तुम्ही बघत होतात ना?"

"शेवटची दोन वर्षं. औषधांनी घसा असा कोरडा पडायचा त्यांचा! रात्रभर घोट घोट पाणी लागायचं." त्यांनी नळ बंद केला आणि आवाज खाली आणला. "तुम्ही झाडाचं बघायला आलात, बघा. पण हे घर रिकामं झालं तर बरं कुणाला वाटेल, तेही बघा. मी आपली कामाची बाई, मला काय कळतंय."

त्यांना चांगलंच कळत होतं. दुसऱ्या दिवशी मी मुलाच्या ऑफिसात गेले.

तो विमा कंपनीत अपघातांची पाहणी करायचा. ठोकरलेल्या गाड्यांचे फोटो भिंतीभर लावलेले होते. झाडाचीही त्याने तीच गत केली होती. मोबाईलमध्ये आठ मंगळवारांचे आठ फोटो, प्रत्येकात भरलेली ताटली.

"वहीत सोमवारचे दोनशे मिली," तो म्हणाला. "दोनशे मिलीत ही ताटली भरत नाही. मी घरी तसलीच ताटली आणून भरून बघितली. पाचशे लागतात. बाई, मी रोज खोटं बोलणारी माणसं बघतो. बाबा खोटं बोलत नाहीत हे मला माहीत आहे. म्हणूनच भीती वाटते."

"ताटली तुम्हीच भरून फोटो काढलेत, असं कुणी म्हटलं तर?"

तो चिडेल असं वाटलं होतं. त्याने मोबाईल पालथा ठेवला.

"आईने फोन केला होता, श्वास लागतोय म्हणून. मी म्हटलं, रविवारी येतो. ती शुक्रवारी गेली. बाबांच्या बाबतीत मला उशीर करायचा नाही. एवढंच आहे."

मी तिथून निघाले तेव्हा मला माझा माळी आठवत होता. बागेत असताना एका म्हाताऱ्या माळ्याच्या वाफ्यातली झाडं कुजायला लागली. मी माती हातात घेतली आणि साहेबांना सांगून टाकलं की हा पाणी जास्त घालतो. त्याला काढलं. दोन महिन्यांनी भिंतीतला नळ झिरपताना सापडला. माळ्याला शोधायला गेले तर तो खोली सोडून कुठे गेला ते शेजाऱ्यांनाही माहीत नव्हतं. तेव्हापासून मी कानाला खडा लावला. पाणी कुठून येतं ते डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी कुणाचं नाव घेत नाही.

बुधवारी संध्याकाळी पाच वाजता मी बाल्कनीचं कुलूप उघडलं. कुलूप जसंच्या तसं होतं. वरचं प्लास्टिक कोरडं ठणठणीत. मावशींनी आणि मी कुंडी काट्याला लावली.

पंधरा किलो शंभर. आणि कोरडी पुसून ठेवलेली ताटली काठोकाठ भरलेली.

मावशींच्या हातातून कुंडी जवळजवळ निसटलीच. "कुणीच आलं नाही हो इथे," त्या म्हणाल्या. "देवाशपथ सांगते, कुणीच नाही."

४

कुलूप होतं, वरून पाणी नव्हतं. राहिली खिडकी.

झारीने घातलेलं पाणी सगळीकडे पसरतं. खड्डा पडतो तो उंचावरून एकाच जागी पडणाऱ्या जाड धारेने. शेवाळ एका दिवसात येत नाही. रोज, त्याच जागी ओल मिळाली तर कित्येक आठवड्यांनी येतं. म्हणजे कुणीतरी खिडकीच्या गजांमधून रोज पाणी ओतत होतं. हे सोमवारीच माझ्या डोक्यात यायला हवं होतं. पण कुंडीजवळ बसलं की माझी नजर खाली असते, ही माझी जुनी खोड.

मी मावशींकडून एक खोलगट वाडगा मागून घेतला, धुऊन त्या खड्ड्यावर नीट बसवला. आवाज होऊ नये म्हणून आत एक मोठा कोरा स्पंज ठेवला. वरून पानं ओढून घेतली. खिडकीतून बघणाऱ्याला फक्त झाड दिसलं असतं. पुन्हा कुलूप लावलं.

कंपाउंडर हॉलमध्ये वर्तमानपत्र वाचत होते. "काही सापडलं?" त्यांनी विचारलं.

"उद्या सांगते."

"शनिवारच्या आत सांगा," ते म्हणाले आणि पान उलटलं.

गुरुवारी सकाळी आठ वाजता मी इमारतीच्या दारात मावशींची वाट बघत थांबले आणि त्यांच्याबरोबरच वर गेले. त्या आल्यापासून माझ्या नजरेआड झाल्या नाहीत. सूनबाईंना आदल्या रात्री फोन केला होता. नवरा-बायको दोघंही शहराच्या दुसऱ्या टोकाला आपल्या घरी होते. मुलगा नऊ वाजता इथे यायचा होता.

कुलूप उघडलं. पानं बाजूला केली.

वाडगा गळ्यापर्यंत भरला होता. स्पंज फुगून वर आला होता. पाणी ताजं, स्वच्छ.

मुलगा नव्हता. सून नव्हती. मावशी माझ्याबरोबर होत्या. आदल्या संध्याकाळपासून त्या घरात एकच माणूस होता, आणि तो आतल्या खोलीत शर्टाची बटणं लावत होता.

मी बाल्कनीच्या उंबऱ्यावर बसले. मुलाचंच बरोबर निघालं होतं. बाप पाणी घालत होता आणि वहीत लिहीत नव्हता. मी खरं सांगितलं तर शनिवारी त्या कागदांवर सही होणार होती, आणि ती सही माझ्या वाडग्यामुळे होणार होती. खोटं बोलावं असं मला क्षणभर वाटलं, आणि त्या वाटण्याची लाजही वाटली.

पण एक गोष्ट जुळत नव्हती. विसरणारा माणूस कधी दोनदा घालतो, कधी घालतच नाही. कधी इथे ओततो, कधी तिथे. हे पाणी रोज, एकाच जागी, एकाच धारेने पडत होतं. वहीइतकंच नियमित होतं ते. मग ते वहीत का नव्हतं?

मी उठून खिडकीतून आत बघितलं. खिडकीच्या आत, हाताच्या अंतरावर, तिवई होती. तिच्यावर चष्म्याचं घर. मण्यांच्या झाकणाखालचा जग काठोकाठ भरलेला, बाहेरून अजून ओला. आणि पलंगाच्या पलीकडे स्टीलची बाटली, जिच्यातून कंपाउंडर स्वतः पाणी पीत.

मग तो जग कुणासाठी भरलेला होता?

५

मी वाडगा दोन्ही हातांनी धरून त्यांच्या खोलीत गेले. स्पंज त्यातच पिळून काढला होता.

"कंपाउंडरसाहेब, एवढं मोजून द्याल?"

त्यांनी वाडग्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग कपाटातून मापाचा मोठा ग्लास काढला. ओतताना एक थेंब बाहेर सांडला नाही. ग्लास तिवईवर ठेवून ते गुडघ्यांवर बसले आणि पाण्याची रेघ डोळ्यांच्या पातळीला आणली. चाळीस वर्षं लोकांची औषधं अशीच मोजली असतील त्यांनी.

"पाचशे," ते म्हणाले. ग्लास रिकामा करून पुन्हा भरला. "चारशे साठ. नऊशे साठ झाले. वीसेक मिली स्पंजात राहिलं असेल. नऊशे ऐंशी धरा."

"हे आज सकाळी झाडावर पडलं."

त्यांची नजर ग्लासावरून शेजारच्या जगाकडे गेली आणि तिथेच थांबली.

"जग नऊशे ऐंशीचा आहे," ते म्हणाले. "मानेपर्यंत."

दारात मुलगा आणि सून उभे होते. ते कधी आले मला कळलं नाही. मुलाच्या काखेत वृद्धाश्रमाच्या कागदांची प्लास्टिकची फाइल होती.

"बाबा," तो म्हणाला, "म्हणजे तुम्हीच घालत होतात?"

"मी झाडाला घालत नव्हतो. मी तिचा जग रिकामा करत होतो."

मला बोलणं भाग होतं, कारण मुलाच्या चेहऱ्यावर काय उमटतंय ते मला दिसत होतं.

"बाईंना रात्री पाणी लागायचं," मी म्हटलं. "साहेब रोज जग भरून ठेवायचे. सकाळी तळाशी जे उरेल ते कोण कुठे टाकायचं?"

"तीच. खिडकीतून झाडावर," कंपाउंडर म्हणाले. "हात लांब करायची आणि ओतायची. कित्येक वर्षं. झाडाला काही झालं नाही."

"कारण उरायचं किती?"

त्यांनी विचार केला. माणूस मापाचा होता, उत्तर चुकीचं देणार नव्हता.

"घोटभर," ते म्हणाले. मग हळूच म्हणाले, "बाकीचं ती प्यायची."

त्यांनी हात तोंडावर ठेवला.

मी मुलाकडे वळले. "ऐका. तुमच्या वडिलांनी आपल्या दिनक्रमात काडीचा बदल केला नाही. जग तोच, खिडकी तीच, वेळ तीच. पूर्वी झाडावर घोटभर पडायचं, आता अख्खा जग पडतो. उन्हाळाभर झाडाने ते निभावून नेलं, उन्हात तेवढं पाणी त्याला लागत होतं. थंडी पडली, माती वाळेना, मुळं कुजली. रोज नऊशे ऐंशी मिली, नऊ महिने, एकदाही न चुकता. याला तुम्ही विसरणं म्हणता?"

"पण मग..." फाइल त्याने दोन्ही हातांनी छातीशी धरली होती. "बाबा, खरं सांगा. तुम्हाला आई अजून आहे असं वाटतं का?"

मला त्या पोराचा राग आला आणि कीवही आली. हा प्रश्न त्याला विचारायचा नव्हता, पण त्याच्या पोटात तोच होता.

"नाही रे," कंपाउंडर म्हणाले. "ती नाही हे मला रोज सकाळी कळतं. जग भरलेला असतो."

६

सूनबाई रडत होत्या. मावशी दाराआडून पदर डोळ्यांना लावून ऐकत होत्या, आणि मी त्यांना ओरडले नाही.

"मला सांगायचं तरी," मुलगा म्हणाला.

"काय सांगायचं? मेलेल्या बायकोसाठी पाणी भरून ठेवतो म्हणून? शनिवारची वाटसुद्धा बघितली नसतीस."

मुलगा पलंगावर बसला. आईच्या बाजूला, त्या ताठ चादरीवर. सूनबाई दचकल्या. कंपाउंडरांनी त्याला उठवलं नाही.

"मोरीत ओतायचं होतं, बाबा."

"एकदा ओतलं. पहिल्या आठवड्यात. त्या दिवशी जेवण गेलं नाही." ते उठले, गुडघे झटकले. "झाड मी मारलं ना, बाई?"

"अर्धं," मी म्हटलं. खोटी समजूत घालणं मला जमत नाही. "भिंतीकडची मुळं गेली. ती कापते, माती बदलते, कुंडी खिडकीपासून लांब ठेवते. बाहेरच्या बाजूची मुळं पांढरी आहेत. त्यांच्यावर झाड उभं राहील. तीन आठवडे पाणी नाही. त्यानंतर वहीप्रमाणे नाही, वजनाप्रमाणे. माझा काटा इथेच ठेवते. कुंडी हलकी लागली तरच घालायचं."

"आणि जग?"

यावर माझ्याजवळ औषध नव्हतं. जग भरू नका म्हणायला माझी जीभ रेटली नाही. मी तीस वर्षं झाडं बघितली, माणसं नाही.

उत्तर मुलाने दिलं. त्याने फाइल बाजूला ठेवली, हात लांब करून जगावरचं मण्यांचं झाकण उचललं आणि तिवईवरचा पालथा ग्लास सरळ केला. त्याने वडिलांकडे बघितलं. त्यांनी अडवलं नाही. त्याने ग्लास भरला आणि प्यायला. पुन्हा भरला आणि प्यायला, सावकाश, मध्ये न थांबता. मग तोच ग्लास भरून बायकोला दिला. तिने डोळे पुसले आणि ती पाणी प्यायली. मावशींना हाक मारली, त्या नको नको म्हणत आत आल्या आणि उभ्यानेच प्यायल्या. शेवटी ग्लास माझ्याकडे आला. मला सकाळपासून पाण्याचा थेंब मिळाला नव्हता, हे मला तेव्हा जाणवलं.

"शनिवारी येतो," मुलगा म्हणाला. "गाडी आणत नाही. राहायला येतो, रविवारपर्यंत. मंगळवारचं मंगळवारी येणं आता पुरे झालं."

"आणि ते कागद?" कंपाउंडरांनी विचारलं.

"ते राहू देत माझ्याकडे. खरंच कधी वेळ आली तर मी तुम्हाला विचारीन, बाबा. ताटलीला विचारणार नाही."

कंपाउंडरांनी मान हलवली. त्यांनी जग उचलून उजेडात धरला. तळाशी थोडं पाणी हलत होतं. ते खिडकीपाशी गेले आणि तिथे थांबले, पाठमोरे, हात गजांच्या बाहेर.

"बाई," त्यांनी विचारलं, "एवढं चालेल?"

तीन आठवडे पाणी नाही, असं मी पाच मिनिटांपूर्वीच म्हणाले होते.

"चालेल," मी म्हटलं.

त्यानंतर मी बाल्कनीत जाऊन कुंडी उपसली. काळी मुळं कापायला तासभर लागला. हात धुवून निघाले तेव्हा वही हॉलमधल्या टेबलावर उघडी होती आणि शाई अजून ओली होती. मी वाचायला नको होतं, पण वाचलं.

गुरुवार. झाडाला पाणी बंद, बाईंच्या सांगण्यावरून. तिचा जग, नऊशे ऐंशी. मुलगा, दोन ग्लास. सून, एक. मावशी, एक. बाई, एक. उरलं ते घोटभर, झाडाला.